प्रतिवादी : वय, धंदा, रा.

दावा टाईप करताना तीन रकाने सुटत नाहीत.
वय, धंदा, राहणार.
बावीस वर्षं धाराशिवच्या कोर्टाबाहेर, लिंबाखाली,
बांधावरून भांडणारे, भावकीतले, भाडं थकवलेले
मी या तीन रकान्यांत बसवत आलो.
सगळे बसतात.

शहाबाई लिंबराज कोरडे, वय ५३, धंदा खानावळ, रा. तेर.
इथवर बोटं आपली आपण गेली.
मग हाश्मी वकील म्हणाले,
प्रतिवादी टाका : अमुक देशाचं सरकार.
मी देश टाकला.
वय?
वकिलांनी चष्मा काढून पुसला.
धंदा?
"राज्य करणे," शहाबाई म्हणाली,
"दुसरं काय करायलंय ते?"

माझ्या मशीनचा र झिजलाय.
सरकार दाबलं की कागदावर 'स का' उमटतं,
पुढे नुसती हवा.
मागाहून पेनानं भरतो सगळे र,
तिच्या नवऱ्याच्या नावातला, तेरचा,
आणि सरकारातले दोन्ही.

हकीकत अशी की पांढरीच्या टेकाडावर
दोन हिवाळे त्यांचं पथक खणत होतं.
एकोणीस माणसं, सात तिकडची, बाकी आपली.
करारावर त्यांच्या कुठल्याशा झाडाचा शिक्का.
भाकरी नऊ हजार एकशे वीस,
येसर आमटी, शनिवारी शेंगोळी,
पहिल्या हिवाळ्याची उचल वजा जाता
येणे बाकी एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे.
पुरावा : चौरेघी वही, एक,
तेलाच्या डागांसह.

त्यांच्या म्हाताऱ्या साहेबानं एकदा
खड्ड्यातून निघालेला घड्याचा कान तिला दाखवला होता.
दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या समुद्रावरून आला,
असं दुभाष्यानं सांगितलं,
बदल्यात तुमच्याकडून कापड गेलं.
"मग तवा पैशे दिलते का?"
साहेब हसला. दिले असणार, म्हणाला,
नाहीतर दुसऱ्यांदा कोण माल देतं?
हे वाक्य दाव्यात घ्या, असा तिचा हट्ट.
वकिलांनी घेतलं नाही.

वकिलांनी कलम शहाऐंशी समजावलं.
परक्या राज्याला इथल्या कोर्टात ओढायचं
तर आधी दिल्लीची लेखी संमती लागते.
ते सार्वभौम असतं, बाई.
म्हणजे?
म्हणजे त्याच्या वर कुणी नाही.
"पंगतीत तर मांडी घालून बसायचं," ती म्हणाली,
"मिरची लागली की पाणी मागायचं."

दिल्लीला अर्ज गेला. पावती आली.
मग चार महिन्यांनी एक पत्र,
त्यात विचारलं होतं की वादातील कृत्य
सार्वभौम स्वरूपाचे आहे की व्यापारी,
याचा खुलासा व्हावा.
वादातील कृत्य म्हणजे जेवण.
मी खुलासा टाईप केला, दीड पान.
भूक हा शब्द मी मधेच घातला होता,
वकिलांनी खोडला.

नंतर काही नाही.
मुदत तीन वर्षांची, त्यातली चौदा महिने सरली.
प्रतिवादीच्या नावापुढं 'रा.' आहे
आणि त्यापुढं मी अजून काही लिहिलेलं नाही.
दिल्लीतली त्यांची कोठी लिहायची का समुद्रापलीकडचा देश,
विचारायचं राहून जातं.

पहिल्या सोमवारी ती येते, यष्टीनं,
काय आलंय का म्हणून.
येताना फडक्यात भाकरी आणते.
आज मी तिच्यासमोरच जेवलो, पैसे काढले,
तिनं हात आडवा केला.
मग पिशवीतून वही काढली.
ती नव्हे, ती कोर्टात जमा आहे. तशीच दुसरी.

माझी नजर गेली वरच्या ओळींवर.
पथकातला एक पोरगा मागच्या महिन्यात
एकटाच तेरला येऊन जेवून गेला म्हणे.
'लांबडा. भाकरी तीन. पैशे दिले.'
त्याच्या खाली तिनं लिहिलं,
'टायपवाला. भाकरी दोन.'
आणि पुढचा रकाना
कोरा ठेवून वही मिटली.